संपर्क यादीतील पाचवे नाव

प्रति,
मा. क्षयरोग अधिकारी,
पनवेल.

विषय : डॉ. शैलेश कारखानीस यांची थुंकी तपासणी होण्याबाबत.
संदर्भ : कै. जगन घरत यांच्या संपर्कातील व्यक्तींची यादी, अ. क्र. ५.

महोदय,

माझे वडील जगन घरत (रा. ओवे) ३ ऑगस्ट रोजी क्षयरोगाने वारले. अकरा महिने त्यांच्यावर डॉ. कारखानीस यांच्या कळंबोलीतील खाजगी दवाखान्यात उपचार चालू होते. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून रोग ओळखला, गोळ्या लिहिल्या. कायद्याने बंधनकारक असलेली नोंद मात्र आपल्याकडे केली नाही. "नाव कुठं लिवू नका डॉक्टर, आमाला गावात राह्याचं हाय," असे वडिलांनी विनवले होते. "काका, तुमच्यासाठी एवढं करतो," असे उत्तर मिळाले. त्या उपकाराखातर वडील त्यांना वालाच्या शेंगा पोहोचवीत. हे सारे वडिलांनी शेवटी रुग्णालयात सांगितले; तोवर आम्हाला घरात जुना खोकला एवढेच ठाऊक होते.

तिसऱ्या महिन्यात बरे वाटले म्हणून वडिलांनी गोळ्या सोडल्या. नोंद असती तर कुणी दारात येऊन विचारले असते. खोकला परतला तेव्हा डॉक्टरांनी कोणतीही तपासणी न करता त्याच गोळ्या पुन्हा दिल्या.

शेवटी सरकारी रुग्णालयात नोंद झाली आणि आपल्या सेविका निशाताई घरी आल्या. ओटीवर, शेजाऱ्यांदेखत, त्यांनी आई, भाऊ व मला नावे घेऊन थुंकीच्या नमुन्यासाठी डब्या दिल्या. आजोबांच्या कुशीत झोपणारी माझी चार वर्षांची भाची इरा आता रोज गोळ्या घेते. "बंद खोलीत त्यांच्याजवळ अजून कोण बसायचं?" असे ताईंनी विचारले. मी पाचवे नाव सांगितले. डॉक्टरांच्या खोलीत एसी असतो, खिडकी बंद. "आपल्यात कसला मास्क, काका," म्हणून ते वडिलांना तो काढायला लावीत.

ताई तेथे गेल्या असता मदतनिसाने, "डॉक्टरांनाच टीबी? बाई, पुढचं घर बघा," म्हणून परत पाठवले.

तरी त्यांना पुन्हा पाठवावे. सोमवारी सायंकाळी सात वाजता पाठवावे. तेव्हा बाकांवर जागा नसते. डबी झाकून नेऊ नये, आमच्याकडे नेली नव्हती. नाव पूर्ण घ्यावे. अहवाल निर्दोष आल्यास दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे, हेच करावे. कुणामुळे, असे कुणी विचारल्यास वडिलांचे नाव सांगावे. माझी लेखी संमती जोडली आहे. नोंद न केल्याची कारवाई वेगळी. ती आपण कराल.

डॉक्टरांना हा रोग व्हावा अशी माझी इच्छा नाही. तपासणी व्हावी, एवढीच आहे.

नाव कोठे लिहू नका, अशी विनंती ते आपणास फोनवर करतील. माझ्या वडिलांचीही तीच होती आणि ती लगेच मान्य झाली. आपण ती मान्य करू नये.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
हेतल जगन घरत
ओवे, दि. १९ सप्टेंबर २०२५

सोबत : १) मृत्यू दाखला. २) डॉक्टरांच्या हस्ताक्षरातील नऊ चिठ्ठ्या, रोगाचे नाव एकीवरही नाही. ३) संमतिपत्र.