आधी जेवून या

प्रिय पप्पा,

जमलं! तुमचा कॉम्प्युटरवरचा, बेसिक भाषेतला प्रोग्रॅम आजपासून एका ओळीत चालतो, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना. दादाला सांगून काय उपयोग? त्याला मेल्याला कशाचं कौतुकच नाही.

तुम्ही गेल्यावर त्याने तो काढूनच टाकायचं ठरवलं होतं. लोखंडी बारची जाडी, लांबी, नग विचारून वजन सांगणारा प्रोग्रॅम, पण दर मापाला पुन्हा तेच प्रश्न! आपल्या वर्कशॉपला चाकणच्या कंपनीकडून आता मापं ढिगाने येतात. "उत्तरं देत कोण बसणार? नवीन सॉफ्टवेअर घेऊ," दादा म्हणाला.

तुमचे लेथवरचे जुने सोबती रशीदचाचा तेवढे मध्ये पडले. "बेटा, ह्येला काढू नको. रोज इचारतो, जेवलात का म्हनून. नवा कोन इचारनार?"

खरंच पप्पा, वजनाच्या प्रोग्रॅममध्ये पहिला प्रश्न 'जेवलात का?' कोण घालतं हो? तोही इंग्रजी अक्षरांत! आणि 'हो' लिहिलं नाही, तर 'आधी जेवून या' म्हणून सरळ बंद.

मी सकाळपासून बसले. मापं प्रोग्रॅमच्या नावापुढेच लिहायची, त्याने तिथून उचलायची. बेसिकमध्ये त्यासाठी 'कमांड डॉलर' नावाचं फंक्शन आहे. ते अख्खी ओळ हातात देतं, तुकडे आपण पाडायचे. पाडले! मोठ्या ऐटीत दादाला बोलावून सगळी मापं सोडली. पडद्यावर काय? आधी जेवून या. आधी जेवून या. आधी जेवून या! दर वेळी बारची जाडी तुमच्या जेवणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून जात होती. दादा पोट धरून हसला. तुम्ही गेल्यापासून तो असा हसलाच नव्हता.

प्रोग्रॅममध्ये कुठे काय चाललंय याची एखादी टीप तुम्ही लिहून ठेवली असती तर काय बिघडलं असतं? जाडी, लांबी, नग, सगळ्यांना नावं नुसती ए, बी, सी!

मग अट घातली. नावापुढे मापं असली तर प्रश्न नाहीत, थेट वजन. काहीच नसलं तर सगळं तुमच्या पद्धतीने. वजनं धडाधड आली! "राहू दे मग," दादा म्हणाला आणि मशीनकडे वळला.

तो गेल्यावर मी नुसतं नाव लिहून एंटर दाबलं. 'जेवलात का?' माझा डबा तसाच पडला होता. खरं तेच लिहिलं, नाही.

'आधी जेवून या.'

रडू आलं हो पप्पा. ती ओळ मी कधीच पुसणार नाही. आणि आत्ता उठते, जेवून येते.

तुमचीच,
मनू