दाजींचं यंत्र आणि डेअरीचं दूध

तीर्थरूप दाजींच्या पायांशी धाकटा मेहुणा गहिनीनाथ याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. आपली गुडघेदुखी उतारावर असेल आणि अक्काचा दमा तिच्या रागाइतकाच ताब्यात असेल अशी आशा करतो. पालीच्या धरणात चिखल तरी उरलाय असं ऐकलं. आमच्या पाटोद्याकडे चिखल बघायचा तर टँकर येईपर्यंत थांबावं लागतं. (फोनच करणार होतो, पण आपल्याकडे फोन अक्का उचलते. म्हणून पत्र.)

चार दिवसांसाठी म्हणून आपल्याकडून नेलेलं पाणी शुद्ध करायचं यंत्र महिना झाला तरी परत का आलं नाही, असा आपला निरोप मिळाला. यंत्र सुखरूप आहे. कुठे आहे ते ओघात येईलच.

सत्यभामा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय हे आपण जाणताच. तिच्या सासूबाई, तलवाड्याच्या विमलबाई, तिला भेटायला आल्या तेव्हा नेमकं टँकरचं पाणी पिंपात पडत होतं. रंग बिनदुधाच्या चहाचा. विहीणबाईंनी पिंपात डोकावून निकाल दिला, "ह्ये पाणी पिऊन माझ्या सुनंला कावीळ झाली म्हंजे? पुढल्या आइतवारी येते आन् सोता पिऊन बघते. न्हाई पटलं तर पोरीला घिऊन जाते." सत्यभामा आईचा पदर धरून उभी राहिली. दाजी, पहिलं बाळंतपण, आणि लेकीला माहेरातून उठवून न्यायची ते पाण्यापायी! सुभद्रानं माझ्याशी बोलणं टाकलं, जणू ते पाणी मीच ढवळलं होतं. तेव्हा मी तडक पालीला आलो आणि आपण मोठ्या मनानं भिंतीवरचं यंत्र काढून दिलंत (अक्का देवळात गेली होती, हेही बरंच झालं).

यंत्र बसलं. वर पाण्याची टाकी ठेवली, आतला निळा दिवा लागला, सुभद्रानं हळदकुंकू वाहून नारळ फोडला. आपण बजावलंत तेही पाळलं. दिव्याच्या किरणांनी जंतू मरतात खरे, पण पाणी आधी नितळ लागतं, गढुळात ते सावली धरून बसतात. म्हणून तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, धोतराच्या चौघडीतून गाळायचं आणि मग टाकीत ओतायचं. पाणी असं येई की गल्लीतल्या बाया नुसत्या बघायला येत. इथवर मी शहाणा होतो.

पण मी पडलो दूध सोसायटीचा चेअरमन. या उन्हात आमचं दूध चिलिंग सेंटरला पोचेस्तोवर आंबतं आणि कॅन परत येतात. सभासद माझ्याकडे असं बघतात की ऊनही मीच पाडतोय. शनिवारी पुन्हा कॅन परत आले. आमचा मापाडी सटवा यंत्राकडे बघत म्हणाला, "चेअरमनसाब, जंतू पाण्यातले काय आन् दुधातले काय, बल्बाला काय कळतंय?" मला ते पटलं, दाजी. पटलंच नाही, तर या शोधाबद्दल माझा सत्कार कुठे व्हावा, पाटोद्यात की थेट बीडला, इथपर्यंत माझा विचार पोचला. आम्ही अर्धा कॅन टाकीत ओतला. यंत्रानं एक ढेकर दिली, तांबडा दिवा लावला आणि शिट्टी मारत राहिलं. नळातून थेंबभर पाणी आलं आणि मागोमाग खरवसासारखं काहीतरी डोकावून अडकलं. (दूध म्हणजे गढुळाचंही गढूळ, हे मला नंतर सुचलं.) मेकॅनिक म्हणाला मंगळवारी येतो. विहीणबाई यायच्या होत्या रविवारी सकाळी.

तेव्हा सुभद्रानं माझ्याशी बोलणं सुरू केलं. काय बोलली ते लिहीत नाही. मग तिनं गाळलेलं पाणी चुलीवर खळाखळा उकळलं, माठात निववलं. ते तसंच पुढे करू म्हणत होती. पण यंत्र बसवल्याची बातमी मी तलवाड्याला आधीच धाडली होती, माझी अब्रू आडवी आली. तांबड्या दिव्याची आणि शिट्टीची तार काढून निळा दिवा तेवढा चालू ठेवला, भिंतीला भोक पाडून रबरी नळी यंत्रामागून नळाला जोडली आणि पलीकडच्या खोलीत सटवाला माठ आणि नरसाळं देऊन बसवलं.

विहीणबाईंनी नळ सोडला. मी खाकरलो, सटवानं ओतलं, पाणी आलं. त्यांनी तांब्याभर पिऊन मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडतोय तोच करंट गेला. पंखा थांबला, निळा दिवा विझला, आणि नळ मात्र वाहतच होता.

"आमच्यात बी असलंच हाय," विहीणबाई म्हणाल्या. "करंट गेला की त्याचं पाणी थांबतं."

त्या उठून पलीकडच्या खोलीत गेल्या. सटवा अजून मन लावून ओतत होता. दाजी, मी डोळे मिटले. सुभद्रानं मात्र सरळ सांगितलं, की पाणी रोज तुरटीनं निवळतो, गाळतो, आजचं उकळलंय, आणि मशीनमधे यांनी दूध घातलं. विहीणबाई भिंतीला टेकून इतक्या हसल्या की सत्यभामाही घाबरत घाबरत हसली. मग त्यांनी माठातलंच पाणी आणखी पेलाभर घेतलं. "आमचा बल्ब कवाचा गेलाय," म्हणाल्या, "कुणी उठून बघत न्हाई. तुमी पोरीसाठी यवढी दगदग करताव, तर ऱ्हाऊ द्या तिला हितंच." इतकं हलकं मला लेकीचं लग्न पार पडल्यावरही वाटलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, मी रडलो.

अक्काला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
गहिनीनाथ

ता. क. : निघताना विहीणबाई म्हणाल्या, "तुमी तर उकळताव, मंग ह्ये मशीन कशाला? मीच घिऊन जाते." विहिणीला नाही कसं म्हणणार, आणि यंत्र उसनं आणलंय हे तरी कुठल्या तोंडानं सांगणार? स्वतः गाडीत ठेवून दिलं. यंत्र तलवाड्याला आहे. दुरुस्त झालं, छान चालतं. पहिले काही दिवस पाण्याला ताकाचा वास होता, आता नाही.

पुन्हा ता. क. : सत्यभामाला काल मुलगी झाली. दोघी ठणठणीत. सत्यभामाची आत्या, म्हणजे आपली अक्का, डोहाळजेवणाला आली नाही म्हणून विहीणबाई जरा कुरकुरत होत्या. मी सांगून टाकलं, की यंत्र हा आत्याबाईंचाच आहेर. विहीणबाई फार खूश झाल्या, बारशाला अक्काचा मानाच्या साडीनं सत्कार करणार आहेत. आपला आहेर पोचलेला आहे, एवढं फक्त अक्काला सांगायचं राहिलंय. ते बारशाच्या आत आपण सांगावं, ही विनंती.