नेटवर्कबाहेर

३ जून
औरंगपुऱ्यातल्या बियाण्यांच्या कंपनीत सुरक्षा अभियंता म्हणून रुजू झाले. या चारुता मॅडम, म्हणत मालक व्यंकटरावांनी स्वतः पेढा दिला. काम सोपं: सगळ्या संगणकांवर अँटीव्हायरस आणि त्याचे नियम सांभाळायचे. माणसं मात्र अवघड. पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहून स्क्रीनलाच चिकटवलेले. हिशेब पाहणारे कडुबा भाचीचा लग्नाचा बायोडेटा पेनड्राइव्हवर आणून ऑफिसातच छापतात. व्हायरस येईल म्हटलं, तर म्हणाले, पोरगी एम.एस्सी. हाय मॅडम, तिला कसला व्हायरस. सगळे हसले. मला कीव आली.

५ जून
नियम लावला: पेनड्राइव्ह लावला की तो संगणक आपोआप नेटवर्कबाहेर. सोडवणार फक्त मी. व्यंकटरावांनी विचारलं, तुम्हाला पण लागू का? म्हटलं, मलासुद्धा. दुपारीच कडुबा अडकले. पुन्हा पुन्हा विनवायला आले. मी मान वर केली नाही. अशांना असंच कळतं.

६ जून
चहावाला कडुबांना वगळून पुढे गेला. त्यांनी हाक मारली, तरी. वाटलं, टवाळी चाललीय. या लोकांना दुसरं काय येतं. शेजारच्या सुलेखाला विचारलं. ती म्हणाली, कोण कडुबा? तिथं तर आपण गठ्ठे ठेवतो. आणि बोलता बोलता एक गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला.

९ जून
कडुबा रडत होते. घरचे दार उघडत नाहीत, म्हणाले. ते फक्त मलाच दिसतात. सोडवायचं बटण दाबलं. उत्तर आलं: संगणक सापडत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

१० जून
एकच वाट उरली. सुटकेची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन त्यांच्या संगणकाला लावायची. माझ्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला— फाइल उतरायच्या आत स्क्रीन लाल. माझाच नियम.

११ जून
रिक्षा थांबत नाहीत. आईला फोन केला— ती नुसतं हॅलो हॅलो करत राहिली. कडुबा म्हणाले, बसा आता मॅडम, हितं चहा येत नाय.

१३ जून
माझ्या जागी मनस्विनी नावाची मुलगी आलीय. आधी कोण होतं, तिनं विचारलं. व्यंकटराव म्हणाले, कोणीच नाही. ती माझे नियम वाचून हसली. बाहेर काढलेले संगणक यादीत कशाला ठेवायचे, पुसून टाकते, म्हणाली. पहिलं नाव पुसलं—

कडुबा आत्ता इथं होते. माझ्या शेजारी—

तिचं बोट दुसऱ्या नावावर— मी ओरडतेय, मनस्विनी, अगं, मी इथं