तळघरातली मुलगी

लाडक्या गोलनार,

तुझं चित्रांचं पुस्तक हॅम्बर्गहून पोचलं. फोनवर "छान आहे" म्हणाले. खरं इथे लिहितेय, आणि हे पाठवणार नाही.

क्रांती, युद्ध, आपलं तेहरानचं लहानपण, सगळं हुबेहूब काढलंयस. पण क्षेपणास्त्रं पडत असताना शेजारच्या म्हाताऱ्या तूबा खानमना पाठीवर घेऊन तळघरात उतरलेली मुलगी तू नव्हतीस. मी होते. तू पायरीवर बसून रडत होतीस. चित्रंसुद्धा मीच चांगली काढायचे. व्हिसा तुला मिळाला.

काल आईनं ते पान पाहिलं. "आपली गोलनार किती धीट होती! तेव्हा तू कुठे होतीस गं?"

माझा नुसता जळफळाट झाला. पण किती दिवसांनी तिचा चेहरा असा फुलला होता!

"तिच्या मागेच होते, आई," मी म्हणाले.

तुझी ताई,
माहरुख