पाच मिनिटं बाबांची

५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं टिकटिक घड्याळ पोचलं. तुझ्या टायपिंग क्लासातल्या मुलींसारखीच बसते मी: पंचवीस मिनिटं काम, घंटा, पाच मिनिटं सुट्टी, पुन्हा घंटा. पंपांच्या माहितीपुस्तकाचं भाषांतर सरकायला लागलंय. नाहीतर दोन ओळी झाल्या की मी उठून खिडकी पुसणार. महिनाअखेरीस पुस्तक दिलं नाही तर पुढचं काम विसरा, असं कारखान्याने गोड शब्दांत कळवलंय.

सुट्टी झाली की धावत बाबांच्या खोलीत जाते. पाणी, औषध, उशी, आणि बोलण्याचा सराव. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचे शब्द ओठांशी येऊन अडतात. आठवडा झाला, एक वाक्य पुरं होत नाही. त्यांचं बोलणं कायमचं गेलं तर, या विचाराने मला एका जागी बसवत नाही. पाठीवर हात असू दे.

तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र वाचून डोकं भणभणलं. अगं, माझा भाऊ धडधाकट होता तेव्हासुद्धा तोंड उघडायच्या आधी चष्मा पुसून घ्यायचा. लग्नाला हो म्हणायला त्याने तुझ्या आईला किती ताटकळत ठेवलं, विचार त्याला. त्याच्यापुढे तू घड्याळ लावून बसतेस? तो जुळवाजुळव करतो तोवर तुझी घंटा होते आणि तू पसार. एक दिवस ते घड्याळ कपाटात टाक आणि त्याच्याजवळ मुकाट्याने बस. काळजीपोटी तोंड सोडलंय, मनाला लावून घेऊ नकोस.

तुझीच,
आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा भयंकर राग आला. तरी काल दुपारभर बाबांजवळ बसले. पाय सारखे उठायला बघत होते, चादरीची शिवण उसवून ठेवली मी. बाबा तू, तू म्हणत अडकायचे. मी घाईने शब्द पुरवायची आणि ते मान हलवायचे. औषध नको, पाणी नको, उशीही नको. शेवटी मी हरले आणि शब्द पुरवायचे सोडून दिले.

ऊन खिडकीतून गेलं तेव्हा कुठे वाक्य पुरं झालं. तू दमलीस, सुट्टीत माझ्याकडे येऊ नकोस, जरा पड, असं म्हणाले. इतके दिवस हेच सांगायचं होतं गं त्यांना, आणि मी दर वेळी अर्ध्यात उठून जात होते. खूप रडले. मग तिथेच त्यांच्या पायथ्याशी आडवी झाले ती अंधार पडेपर्यंत झोपले.

कारखान्याकडे मुदत मागितलीय, ते कुरकुरताहेत. आज सकाळपासून बाबांनी तुझ्याबद्दल काहीतरी बोलायला घेतलंय. ऐकायला ये, आणि चांगली चार दिवसांची सवड काढून ये.

तुझी भिंगरी