मेथी निवडणारे सख्खे भाऊ

खांदेश्वर, नवी मुंबई
२२ ऑगस्ट १९९९

तीर्थस्वरूप मावशीस,

सुभाषचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघा धरला आहे, त्यामुळे तूर्त सात अंगांचा समज). तुझी कंबर, काकांचा खोकला आणि दारची म्हैस, तिघांनाही उतार पडला असेल अशी आशा करतो. कऱ्हाडला पाऊस बरा आहे असं पेपरात वाचलं.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. एक, माझ्या मालिकेतल्या शहाजी आणि ऋषीचं पुढे काय होणार? दोन, गणपतीत येईन तेव्हा सांगलीची मुलगी बघणार ना, कारण त्या मंडळींना तू शब्द देऊन बसली आहेस. दुसरा प्रश्न अवघड आहे, म्हणून पहिल्यापासून सुरुवात करतो.

मी लिहिली तेव्हा ती दोन पुरुषांच्या संसाराची गोष्ट होती. (हो, संसाराचीच. चष्मा पुसून परत वाचू नकोस, अक्षर बरोबर आहे.) शहाजी बँकेत, ऋषी शाळेत चित्रकला शिकवणारा, न्यू पनवेलला भाड्याची जागा, आणि भांडणं झालीच तर गॅसचा नंबर कोणी लावायचा यावरून. चॅनलच्या क्षिप्रा मॅडमना गोष्ट फार आवडली. म्हणाल्या, "सुभाष, एकदम बोल्ड आहे, करूया आपण. फक्त ते कोणाला कळता कामा नये." आमचे निर्माते हौसेराव (पूर्वी लग्नांना मांडव पुरवायचे, अजून सेटवर खुर्च्या पंगतीसारख्या लावतात) लगेच कामाला लागले. आधी सेटवरचा डबल बेड गेला. मग दोघं एका सोफ्यावर बसतात म्हणून सोफा गेला. उरला ओटा. त्यामुळे कितीतरी भाग ते दोघं ओट्यापाशी उभे राहून नुसती मेथी निवडत होते. त्यात शूटिंग तुर्भ्याला, शेजारी मिरच्यांचं गोदाम, वारा फिरला की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. शहाजी कोवळी पानं ऋषीच्या ताटात सरकवायचा, याहून जास्त काही दाखवायची सोयच नव्हती. घरोघरच्या बायकांना नेमकं तेवढ्यावरूनच कळलं.

पत्रं यायला लागली तशी हौसेरावांची झोप उडाली. "भाऊ करून टाका हो," म्हणाले. मी केले. जत्रेत चुकामूक झालेले, एका आईचे, दंडावर सारखं गोंदण, सगळं यथासांग. तर त्यावर आधीपेक्षा दुप्पट पत्रं! त्यांतलं सगळ्यांत कडक पत्र तुझं होतं, आठवतं का? "सख्खे भाऊ एकमेकांना चहा गाळून देत नाहीत, आमच्या घरी येऊन बघ," असं लिहिलं होतंस. (विहिरीच्या वाटणीपासून काका आणि धाकटे काका एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यामुळे तुझा अधिकार मोठा.) मी ते मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. क्षिप्रा मॅडम म्हणाल्या, "आंटींचा पॉइंट बरोबर आहे. भांडण लावा."

म्हणून जमिनीचा दावा लावला. पण दोघांना वेगळं वेगळं पाठवायचं तर चित्रीकरणाचा खर्च वाढतो, म्हणून दोघंही तारखेला एकाच एसटीने अलिबागला जायचे, वाटेत एकाच डब्यातलं जेवायचे आणि कोर्टात एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायचे. ऋषीने तर शपथेवर सांगितलं की शहाजीला वांगं सोसत नाही, तेव्हा निकाल कुणाच्याही बाजूने लागो, जमिनीत वांगी लावू नयेत. हौसेरावांनी डोक्याला हात लावला.

मग ऋषीचं लग्न लावलं. तेवढ्यात त्या नटीला दुसऱ्या मालिकेत मोठं काम मिळालं आणि ती गेली. अशा वेळी आमच्या धंद्यात एकच औषध असतं, पहिलं बाळंतपण माहेरी. "अजून सुटका कशी नाही, हत्तीण आहे का ती?" असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. ती सून परत येणार नाही, मावशी. उगाच अंगडं-टोपडं शिवत बसू नकोस.

आता हौसेरावांनी शेवटचा उपाय काढला आहे. ऋषीला तुर्भे नाक्यावर ट्रकखाली द्यायचा. "गेलेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही," असं ते फार समजूतदारपणे म्हणाले. मी कितीदा लिहायला बसलो. ट्रक येतो, ऋषी रस्ता ओलांडायला लागतो आणि माझा हात थांबतो. शेवटी आशुतोषला वाचून दाखवलं. (सहा वर्षं माझ्यासोबत राहतो आहे, ज्याला तू दर पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहितेस, तोच.) तो ओट्यापाशी होता. म्हणाला, "मार ना. शहाजीला मुलगी बघायला पाठवण्यापेक्षा ते बरं." आणि मान खाली घालून परत मेथी निवडायला लागला. तेव्हापासून घरात कोणी धड जेवलेलं नाही. मला भीती वाटते आहे, मावशी, आणि ती हौसेरावांची नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की ऋषी मरणार नाही. उद्या तुर्भ्याला जाऊन तसं सांगणार आहे. काम राहिलं तर राहिलं.

काकांना नमस्कार, म्हशीच्या पाठीवर हात फिरव.

तुझा,
सुभाष

ता. क. : लिंबाचं लोणचं संपलं. एका माणसाच्या अंदाजाने पाठवतेस, खाणारे दोन आहेत.

आणखी ता. क. : सांगलीच्या मंडळींना नाही म्हणून कळव. मुलीत काही खोट नाही, माझ्यातही नाही. माझा संसार आधीच चालू आहे, एवढंच.

शेवटचा ता. क. : गणपतीला येतो, पण या वेळी आशुतोषला घेऊन. दर वर्षी मी तुझ्याकडचे मोदक खातो आणि तो इथे एकटा पाव-अंडं खातो, ते आता माझ्या घशाखाली उतरत नाही. ये म्हणालीस तर दोघं येऊ, नाहीतर दोघंही इथेच. पंगतीत त्याची ओळख काय म्हणून करून द्यायची ते तू ठरव. फक्त भाऊ म्हणू नकोस. मी त्याला चहा गाळून देतो.