पत्र्यावरची डबी

साहेब,

पाठीवर तुमच्या खाडीच्या अभयारण्याचं नाव असलेली डबी बांधलेला गुलाबी पक्षी आमच्या शेततळ्यात मरून पडला. आदल्या दिवशी मालकांनी, म्हंजी पोरीच्या बापानं, त्यातच फवारणीचा पंप धुतला होता. केस होईल या भेवानं त्यांनी पक्षी पुरला. "डबी फोडून टाक," म्हणाले.

तळ्याखालीच आमची पिण्याची विहीर हाय. पोरीसाठी मी हापशाचं पाणी आणलं, तर मालक चिडले. "कशाला भितीस?" म्हणत माझ्यासमोर विहिरीचं तांब्याभर पाणी घटाघटा पिले.

आता ते उलट्या करत्यात अन् डॉक्टरला सांगतात, शिळं खाल्लं. मीबी गप.

हे पत्र टाकायची हिंमत न्हाई. डबी मातर फोडली न्हाई. पोरगी म्हणती, ती उन्हावर चालती अन् तुमाला जागा दाखवती. पत्र्यावर ठेवली हाय. ऊन कडक हाय, साहेब. लवकर या.

निता,
पुसेगाव